आमचा वस्ताद भितो, काय म्हणणं हाय?

बाकीच्या गावांत दिवाळी डोळ्यांना दिसत असेल. आमच्या कोल्हापुरात ती कानातून शिरते आणि बेंबीच्या देठाशी जाऊन फुटते. यंदाही तशीच आली. आकाशकंदील अजून माळ्यावरच्या खोक्यात होता, शालनने चिवड्याचे पातळ पोहे गच्चीवर उन्हात घातले होते, आणि गल्लीच्या तोंडाशी पलीकडच्या पेठेतल्या कुणीतरी पहिला सुतळी बॉम्ब लावला. असला दणका बसला, की पंचगंगेतली कासवं घाटावर येऊन "काय झालं वो?" म्हणून विचारून गेली. खोटं वाटत असेल तर कासवांना विचारा. माझ्या हातातली बशी हातातच राहिली, चहा बनियनवर गेला. सवयीनं मी उठलो. एक खिडकी लावली, दुसरी लावली, टीव्हीचा आवाज वाढवला, कॉटवरची चादर उचलली आणि खाली वाकून म्हणालो, "हाय रं मी. हाय हितंच."

कॉटखाली कुणी नव्हतं. एक चप्पल होती, अर्धी खाल्लेली, जुन्या काळातली.

वस्ताद उंबऱ्यात आडवा पडून झोपला होता. जळक्या सुतळीचा एक तुकडा उडत आला आणि त्याच्या नाकापुढे पडला. त्यानं एक शिंक दिली, कूस बदलली, पुन्हा घोरायला लागला. समोरच्या तालमीची पोरं टाळ्या वाजवत ओरडली, "काका, वस्ताद खरा वाघ झाला की!"

वाघ म्हणाले! माझ्या कुत्र्याला, माझ्या दारात उभं राहून वाघ म्हणाले! माझं टाळकं असं सटकलं की विचारू नका. इतक्या दिवाळ्या हे कुत्रं माझ्या मांडीत डोकं खुपसून कापत आलं. भित्रं म्हणून मी त्याला सांभाळलं, भित्रं म्हणून मिरवलं, भित्रं म्हणून अख्ख्या गल्लीशी भांडलो. आणि आता ही पोरं त्याला फुकटात शूर करून टाकणार?

तर ऐका.

शिरोलीच्या एमआयडीसीत माझं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल, आणि भिंतीपलीकडे ओतकामाचा कारखाना. तिथलं कास्टिंग भिंतीवरून थंड होत होत माझ्याकडे येतं, मी ते सोलून गुळगुळीत करून पुढं पाठवतो. कारखान्याच्या मागच्या अंगाला साच्यातून काढलेल्या वाळूचा ढीग असतो. काळी, तेलकट वासाची वाळू. लोखंड पोटात घेऊन बसलेली असते, त्यामुळे ती लवकर निवत नाही. कार्तिकातल्या थंडीत सगळ्या एमआयडीसीतली कुत्री त्या ढिगावर राजवाड्यात असल्यासारखी पसरतात. एका सकाळी मी तिथं कास्टिंग बघायला गेलो आणि वाळूच्या ढिगानं मला शेपूट हलवून दाखवली. खाली हात घातला तर कोमट, काळं, डोळे नुकते उघडलेलं एक गाठोडं निघालं. मी त्याला पाण्यानं धुतलं, साबणानं धुतलं, शेवटी हात धुवायच्या पावडरीनं धुतलं. पांढरं काही होईना. तेव्हा कळलं, ते मुळातच काळं आहे.

घरी आणलं तर शालन दारातच उभी.

"अवो, ह्ये काय आणलंसा?"

"वस्ताद."

"कशाचा वस्ताद? मुतला बगा तुमच्या शर्टावर."

झालं. त्या घडीपासून शालननं त्याला घरात घ्यायचं नाही असं पक्कं ठरवलं, आणि त्या घडीपासून तिनं त्याला घराबाहेर ठेवू दिलेलं नाही. कुत्रं पाळणाऱ्या घराचा कारभार असाच चालतो. ठराव एक, अंमलबजावणी दुसरी. सोफ्यावर चढायचं नाही, असा ठराव झाला. आता आम्ही दोघं खाली सतरंजीवर बसतो. दूध द्यायचं नाही, पोट बिघडतं, असा डॉक्टरांचा ठराव झाला. मग दुधाच्या भांड्याला तळाशी लागलेली साय कुणाच्या जिभेनं खरवडून निघायची, हे शालन मला सांगत नव्हती आणि मी तिला विचारत नव्हतो. लग्नकार्याला दोघांनी मिळून जायचं बंद झालं. एक जण अक्षता टाकायला, एक जण वस्तादजवळ. परगावी मुक्काम पडला की रोज फोन: "जेवला का?" शेजाऱ्यांना वाटायचं ही माझी चौकशी करते. माझी कोण करतंय!

आणि तो वास! थंडीतल्या सकाळी उन्हात पडलेल्या कुत्र्याच्या अंगाला एक वास येतो. धुतलेल्या पोत्याचा, भाजक्या शेंगांचा आणि थोडासा जुन्या कपाटाचा. हा वास ज्याच्या बनियनला नाही, त्याचं घर मला हॉटेलच्या खोलीसारखं वाटतं. चिवड्यात केस सापडतो, सापडू दे. कढीपत्तासुद्धा बाजूला काढताच की!

पण मुद्दा भीतीचा होता.

हे कुत्रं वाळूत जन्मलं, रोज माझ्याबरोबर वर्कशॉपला येऊन घणाच्या आवाजावर वाढलं. शेजारी लोखंडाचा ठोकळा क्रेनवरून पडला तर हे जांभई देणार. ग्राइंडरच्या ठिणग्यांचा पाऊस पडतोय आणि हे त्यात बसून शेपटीतल्या पिसवा शोधतंय, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मला वाटलं, झालं, कोल्हापूरला शोभणारं कुत्रं मिळालं. मग त्याची पहिली दिवाळी आली. वसुबारसेच्या संध्याकाळी कुणीतरी लवंगी फटाका लावला. लवंगी! ज्याला आमच्या गल्लीत फटाकासुद्धा म्हणत नाहीत, खोकला म्हणतात. वस्तादनं साखळी तोडली. साखळीही माझ्याच वर्कशॉपमध्ये बनवलेली, तिला बैल बांधला असता तरी तुटली नसती. साखळी, कडी, आणि कडीबरोबर भिंतीचा एक बारकासा पोपडा घेऊन तो जो सुटला, तो दिसेनासा झाला.

त्या संध्याकाळची गोष्ट मी वाढवून सांगत नाही. तिथं वाढवायला जागाच नाही. शालन पायात चप्पल न घालता रंकाळ्याच्या दिशेनं गेली, मी गंगावेशीकडं. पणत्या लागलेल्या दारांवरून, रांगोळ्या चुकवत, "वस्ताद, वस्ताद" अशी हाक मारत. दर दोन घरांआड कुणीतरी म्हातारा पैलवान ओट्यावरून "काय रं, कोण पायजे?" म्हणून ओ द्यायचा. आणि दर बॉम्बला मला वाटायचं, की या आवाजानं ते आणखी एक गल्ली लांब गेलं असणार. आपलं जनावर आपल्याच गावात, आपल्याच सणाच्या आवाजानं आपल्यापासून लांब पळतंय. ओरडून बोलावलं तर आपला आवाजही त्याच दणक्यातला एक वाटत असेल.

सापडलं ते दिनकरच्या गोठ्यात. दिनकर माझा शाळेपासूनचा मित्र, म्हशी पाळतो. दिवेलागणीला म्हैस घेऊन आमच्या कट्ट्यावर येतो, गिऱ्हाइकाच्या समोर धार काढतो, फेसाळ ग्लास तसाच कोमट हातात देतो. त्याच्या गोठ्यात त्याची मोठी म्हैस, काशी, उभी होती आणि तिच्या चार पायांच्या मधोमध वस्ताद उभा होता. काळ्याखाली काळं. फक्त डोळे दिसत होते. पाय लटलट कापत होते.

दिनकर म्हणाला, "इलासा, तुजं कुत्रं आल्यापास्नं काशी हलली न्हाय बग. पाय उचलला तर त्याला लागंल म्हणून माशीबी झाडंना."

मी खाली बसलो. वस्ताद सरपटत आला, माझ्या काखेत डोकं घातलं आणि एवढा कापला, एवढा कापला, की माझ्या खिशातली किल्ली वाजायला लागली. मला तोवर कुणी इतकं जवळचं मानलं नव्हतं. माणसं आनंदात गळ्यात पडतात. भीती वाटल्यावर धावत येण्याजोगं आपलं अंग आहे, हे मला त्या काळ्या गाठोड्यानं सांगितलं.

आता असं कुत्रं असताना माणसानं गप्प बसावं की नाही? पण कट्ट्यावर गप्प बसणारा माणूस कोल्हापुरात अजून जन्माला यायचाय. एका संध्याकाळी मुरगूडचा कुणी एक पाव्हणा आला आणि त्याच्या कुत्र्याच्या गोष्टी सांगायला लागला. म्हणे त्याच्या कुत्र्यानं चोर धरला. म्हणे पोलीस येईपर्यंत चोराची विजार सोडली नाही. सगळा कट्टा माझ्याकडं बघायला लागला. गल्लीची अब्रू माझ्या हातात. मी ग्लास खाली ठेवला आणि म्हणालो, "चोर काय, कुणीबी धरंल. आमच्या वस्तादनं पन्हाळ्याच्या पायथ्याला बिबट्या धरलाय."

खरी गोष्ट एवढीच होती की बागेतल्या सिमेंटच्या वाघाला बघून वस्तादनं मला फरफटत रस्त्यापर्यंत नेलं होतं. वाघ तोच, फरफट तीच. कुणी कुणाला ओढलं एवढंच मी थोडं मागं-पुढं केलं.

कोल्हापुरात थाप पायी चालत नाही, बुलेटवर जाते. आणि प्रत्येक नाक्यावर पेट्रोल भरते. कट्ट्यावरनं निघताना तो बिबट्या वस्तादला बघून पळाला होता. मलकापूरच्या बाजारात पोचला तेव्हा तो जखमी होता. शाहूवाडीच्या डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर गेला तेव्हा वस्ताद त्याच्या छातीवर बसला होता, आणि बिबट्या हात जोडून माफी मागत होता.

असं झालं आणि दिवाळीच्या तोंडावर कट्ट्यापाशी एक जीप येऊन थांबली. चाकांना भाताच्या खाचरातला लाल चिखल. आतून एक उंच, वाळका माणूस उतरला. दिनकरचा साडू, कोंडिबा, शाहूवाडीकडचा. त्यानं मला नमस्कार केला, आणि मग खाली वाकून वस्तादलाही केला. वस्ताद माझ्या पायामागं गेला.

"पावणं," कोंडिबा म्हणाला, "ह्येच का त्ये?"

"ह्येच," पोरं एका सुरात म्हणाली.

"आमच्या वस्तीवर बिबट्या यालाय. भात कापायला आलंय आणि बायामाणसं रानात उतरंनात. शेरडं न्हेली, गुमान बसलो. परवा उंबऱ्यातनं माझं कुत्रं उचलून न्हेलं. तुमच्या कुत्र्याचं लई ऐकलंय. मोसमापुरतं द्या. पोटच्या पोरागत बगतो, आनून सोडतो."

हा माणूस थट्टा करत नव्हता. डोळ्यांत झोप नव्हती त्याच्या. सगळी तालीम माझ्याकडं बघत होती. पोरांच्या छात्या आधीच फुगल्या होत्या: आमच्या गल्लीचं कुत्रं बिबट्यावर चाललंय! कुणीतरी हारसुद्धा आणायला निघालं होतं.

मी काय करणार? "थाप होती" म्हणून मान खाली घालू? माझ्या घराण्यात अजून कुणी खाली घातलेली नाही. आजोबांची मान तर आखडलेलीच होती. मी उठून उभा राहिलो, आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी फुशारकी मारली.

"पावणं, ऐकलंसा ती बारकी गोष्ट. मोठी आता ऐका. आमचा वस्ताद भितो. साधासुधा न्हाय, जिल्ह्यात एक नंबर भितो! फटाका सोडा, फुगा फुटला तर कॉटखाली. छत्री उघडली की मोरीत. पाल दिसली की माझ्या डोक्यावर. आरशातल्या कुत्र्याला रोज सकाळी वाट देतो. असलं भित्रं कुत्रं कुणाकडं असंल तर घिऊन या हितं, ह्याच कट्ट्यावर, मी मिशी उतरवून देतो. काय म्हणणं हाय?"

हार आणायला निघालेला माघारी फिरला. एक पोरगा हळूच म्हणाला, "काका, काय बोलालायसा? गल्लीची इज्जत..."

"इज्जत माझ्या कुत्र्याच्या पाठीवर लादू नकोस. तुला लई असंल तर तू जा की शाहूवाडीला."

मला वाटलं, सुटलो. वस्तादच्या डोक्यावर हात ठेवला. कोंडिबा मात्र हलला नाही. तो भुईकडं बघत राहिला आणि सावकाश म्हणाला, "मग तर ह्येच पायजे."

"आं?"

"आमचं कुत्रं शूर व्हतं, पावणं. म्हणून तर गेलं. भुंकत अंगावर गेलं त्येच्या. भित्रं असतं तर घरात शिरलं असतं, आमच्या अंगावर पडलं असतं, आमी जागं झालो असतो. त्येबी जगलं असतं. आता शूर नगं. भित्रं द्या."

दिनकर धार काढायची थांबला. काशी रवंथ करायची थांबली. मी थापेच्या एका बाजूनं अडकलो होतो, उलट्या बाजूनं बाहेर पडायला गेलो आणि तिथंही हा सरळ माणूस दार धरून उभा! आता माझ्याकडं थाप उरली नव्हती. आमच्याकडं पाव्हण्याला तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. "बघूया" म्हणतात, "कळवतो" म्हणतात, "चहा घ्या" म्हणतात. आणि समोरच्याची गरज खरी असली तर तेही म्हणवत नाही.

"देत न्हाई," मी म्हणालो.

मी वस्तादला जवळ ओढून घेतलं.

"शूर असता तरी दिला नसता आणि भित्रा हाय तरी देत न्हाई. भ्यालं की ते माझ्याकडं येतं, पावणं. तितं कुणाकडं जाईल?"

कोंडिबानं वस्तादकडं बघितलं. मग मान हलवली, रागानं नव्हे. त्याचं कुत्रं ज्या उंबऱ्यातनं गेलं, तो उंबरा त्याला दिसत असावा. तो जीपकडं वळला. आणि तेव्हा दिनकर, म्हशीच्या पोटाशी बसल्या बसल्या, वर न बघता म्हणाला, "इलासा, पावण्याला मोकळ्या हातानं लावून देणार व्हय?"

माझी नजर तालमीच्या दारात गेली. आत, लेझमीच्या शेजारी, वर्गणीतून आणलेला दिवाळीचा दारूगोळा छतापर्यंत रचला होता. सुतळी बॉम्ब, लक्ष्मी बॉम्ब, लांबलचक माळा. गल्लीचा दरारा त्या खोक्यांत भरलेला असतो. पलीकडच्या पेठेचा आवाज आमच्या आवाजाखाली दबला पाहिजे, यासाठी पोरं वर्षभर बनियन फाटकं वापरतात.

"पावणं, थांबा," मी ओरडलो. "बिबट्याला काय लागतंय? दणका. आणि दणका कुणाकडं हाय? अख्ख्या महाराष्ट्रात?"

पोरांना उमगलं, तशी त्यांची तोंडं उतरली. "काका, ह्ये न्हाई जमायचं. पहिल्या आंघोळीला काय वाजवायचं मग?"

"तुमी हितं वाजवलं तर कोण भितंय? माझं कुत्रं आणि शेजारची म्हातारी. त्यात कसली मर्दुमकी? तितं एक वाघाच्या जातीचं जनावर माणसं उचलायच्या तयारीत बसलंय. त्याला कळू दे की कोल्हापूर कुठं हाय! व्हय की न्हाय?"

वाद झाला. रुसवे झाले. एक जण तर तालीम सोडून जायच्या गोष्टी करायला लागला. पण बिबट्याला कोल्हापूर कळलं पाहिजे, हे वाक्य एकदा कट्ट्यावर पडल्यावर माघारी घेणं कुणाच्या हातात नसतं. पोरांनी स्वतः खांद्यावरून खोकी आणली आणि जीप भरली. एवढी भरली, की कोंडिबाला बसायला जागा राहिली नाही. तो शाहूवाडीपर्यंत जीपशेजारी पळत गेला, असं मी सांगतो. दिनकर म्हणतो, तो पुढच्या सीटवर बसला होता. दिनकरला गोष्ट सांगता येत नाही.

मग पहिल्या आंघोळीची पहाट झाली.

मी तशी पहाट त्याआधी ऐकली नव्हती. दूर कुठल्या पेठेतून ढगासारखा गडगडाट येत होता, पण आमच्या गल्लीवर कुणी दुलई घातल्यासारखं झालं होतं. उटण्याच्या वाटीत शालनचं बोट फिरत होतं, त्याचा आवाज. बंबात ढलपी तडकल्याचा. दारात पायाखाली कारीट फुटल्याचा, तो बारीकसा कडू आवाज, जो दणक्यात कायम गडप व्हायचा. उसाची ट्रॉली ओढत जाणारा ट्रॅक्टर, त्याच्या मागं उसाच्या वाड्यांची, हिरव्या शेंड्यांची सळसळ. आणि त्या सगळ्यात उंबऱ्यावर नखांची टकटक. वस्ताद कॉटखालून बाहेर आला होता. त्यानं एक पाय पायरीवर ठेवला, उचलला, परत ठेवला. पणतीचा वास घेतला, मिशा पोळल्या, मागं सरकला. मग माझ्या शेजारी बसला, उटण्यानं पिवळ्या झालेल्या माझ्या गुडघ्याला टेकून, आणि त्यानं चकली खाल्ली. जन्मात पहिल्यांदा दिवाळीची चकली, दारात बसून, चारचौघांसारखी. शालन आतून म्हणाली, "अवो, आधी देवाला दावायची हुती." आणि तिनंच दुसरी आणून दिली.

तिकडं कोंडिबाच्या वस्तीवर काय झालं, ते त्यानं फोनवर सांगितलं. सांगण्याच्या बाबतीत तो आमच्या कट्ट्याला शोभेल असा निघाला. म्हणाला, "पावणं, पहिला बॉम्ब लावला आणि बिबट्या जो उठला त्यो आंबा घाट उतरून थेट कोकणात! तितं आता मासं खाऊन राहालाय म्हणं." बायामाणसं रानात उतरली, भात घरात आलं. बिबट्या काही कायमचा गेला नाही. डोंगर त्याचाही आहे, तो परत परत येतो. म्हणून मग दर दिवाळीला जीपही येत राहिली. चाकांना लाल चिखल, येताना नव्या भाताचे पोहे, जाताना आमचा दणका.

लोक हसायचे. पलीकडच्या पेठेनं आम्हाला "मुकी गल्ली" म्हणायला सुरुवात केली. माझं उत्तर ठरलेलं होतं: "आमचा वस्ताद भितो. काय म्हणणं हाय?" हे मी अशा थाटात म्हणायचो, की समोरच्याला आपल्या कुत्र्याच्या शौर्याची लाज वाटावी. पुढं पुढं एकेक जण येऊन कानाशी कबूल करायला लागला. एकाचं मांजर भितं. एकाची आई भिते. गदा फिरवणारा एक पैलवान मान खाली घालून म्हणाला, "काका, मलाबी बॉम्ब लावताना छातीत धडधडतं." मी म्हणालो, "मोठ्यानं बोल की, त्यात काय?" तो मोठ्यानं बोलला नाही. पण त्या दिवाळीला जीप भरताना सगळ्यात पुढं तोच होता.

आणि वर्षं कुत्र्याच्या वेगानं गेली. ती आपल्या वेगानं जातात अशा भ्रमात आपण असतो. तोंडाची काळी वाळू पांढरी झाली. ज्या रंगासाठी मी साबण संपवले, तो न मागता आला. जिना चढताना मागचे पाय विचार करायला लागले. डोळ्यांत निळसर धूर उतरला. मग गेल्या श्रावणात एके दिवशी मी टोस्टचा पुडा उघडला. त्या कागदाचा आवाज झाला, की वस्ताद कुठंही असो, तीन भिंती फोडून येणार, हा आमच्या घरातला निसर्गनियम. मी पुडा उघडला. कुणी आलं नाही. पुन्हा चुरगळला. उंबऱ्यात तो पाठमोरा बसला होता, रस्त्याकडं बघत. मी अगदी त्याच्या मागं जाऊन कागद वाजवला. त्याची शेपूटही हलली नाही. शालन दारात उभी राहून बघत होती. तिनं माझ्या हातातून पुडा घेतला, पुढं जाऊन त्याच्या नाकासमोर एक टोस्ट धरला, आणि तो तेव्हा कुठं हसला. "ऐकू येत न्हाई वाटतं," ती म्हणाली, आणि आत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी घासलेलीच होती.

तर हा आमचा वाघ. पोरांना शूर दिसला, तो बहिरा झालेला म्हातारा होता.

वस्ताद बहिरा झाल्याचं मी सांगितलं, तशी परवा संध्याकाळी पोरं कट्ट्यावर आली. जुनी पोरं संसाराला लागली, ही नवी बॅच. अंगानं भक्कम, बोलायला आदबशीर.

"काका, राग मानू नका. पावण्याला एक खोकं देऊच. पण बाकीचं यंदा हितंच वाजवूया. वस्तादला आता ऐकू येत न्हाई. मग आता कुणासाठी गप्प बसायचं?"

प्रश्न सरळ होता. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडच्या पेठेत कुठंतरी एक बॉम्ब फुटला. वस्ताद माझ्या पावलांवर हनुवटी टेकून झोपला होता. त्याला काही कळलं नाही. मी मात्र दचकलो. इतक्या दिवाळ्या त्याच्या वाटचा दचकत आलो, की आता माझं अंग त्याला न विचारताच दचकतं. माझं पाऊल हललं, आणि हनुवटीखालचं पाऊल हललं म्हणून वस्ताद जागा झाला. त्यानं धुरकट डोळ्यांनी वर बघितलं. फटाका त्याला ठाऊक नव्हता, पण मी भ्यालोय एवढं त्याला बरोबर कळलं. तो उठला. मागचे पाय गोळा करायला वेळ लागला. मग तो माझ्या पायांच्या मधोमध येऊन उभा राहिला, काशीच्या पायांत उभा राहिला होता तसाच. फक्त या वेळी कापत नव्हता. अंगाचा भार त्यानं माझ्या नडगीवर टाकला आणि तसाच थांबला.

मी पोरांकडं बघितलं. ग्लास खाली ठेवला. उठता येत नव्हतं, पायांत कुत्रं होतं, म्हणून बसल्या बसल्या ओरडलो. आवाज मात्र असा लावला, की पलीकडच्या पेठेनं खिडक्या लावून घेतल्या.

"माझ्यासाठी गप्प बसायचं! मी भितो! वस्ताद निवृत्त झाला, आता ह्या गल्लीत भ्यायचं काम माझ्याकडं हाय. अख्ख्या जिल्ह्यात माझ्यासारखा भित्रा माणूस दाखवा, मिशी उतरवून देतो. काय म्हणणं हाय?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. त्यातला एक आधी हसला, मग हसायचा थांबला, आणि तालमीत जाऊन जीपसाठी पहिलं खोकं बाहेर आणून ठेवलं.

दिनकर म्हशीच्या पोटाशी बसला होता. धार वाजत होती. वर न बघता तो म्हणाला, "मग इलासा, औंदा तुलाच न्हेऊन बांधतो की शाहूवाडीला."

"बांध की," मी म्हणालो. "पण दावं जरा लांब ठेव. दोघांना बसाय आलं पायजे."